रविवारी पुण्याच्या रेसला जायचंय, पहिलीच खेप. आठ रेसचं प्लॅनिंग कसं करायचं?

मंगळवारपेठी

नमस्कार मंडळी, विषय जरा वेगळा हाय, आधीच सांगतो शिव्या घालू नका. येत्या रविवारी मी, माझा मामा आणि दोन मित्र पहाटे कोल्हापुरातनं गाडी काढून पुण्याला घोड्यांच्या रेसला जाणार हाय. मामा तरुणपणी पुण्यात नोकरीला असताना जायचा, त्याचं म्हणणं एकच, "घोड्याच्या डोळ्यात बघायचं, कळतंय." मला काय कळत नाही. मी गेले चार रविवार नुसतं वहीत पैसे लावून बघितले, म्हणजे रेसकार्ड काढायचं, घोडा निवडायचा, संध्याकाळी रिझल्ट बघायचा. एकूण ३१ रेसमध्ये ८ विनर आले, मला वाटलं लई भारी, पण हिशोब केला तर प्रत्येक रेसला शंभर धरून ३१०० लावले आणि परत आले २४०० च्या आसपास. म्हणजे आठ वेळा बरोबर येऊनपण सातशेला चुना.

आता खरे प्रश्न. ते हँडिकॅप म्हणजे वजन कुणाला जास्त कुणाला कमी ते नेमकं वाचायचं कसं? आठ रेस असतात त्या सगळ्या खेळायच्या का? मित्र म्हणतोय जॅकपॉट लावू, कमी पैशात मोठा हात मारू, ते खरं का? बेटिंगला जास्तीत जास्त ५००० बाजूला काढलेत, डिझेल टोल जेवण वेगळं. आणि शेवटचं, आमच्या भागात एक जण फोनवर बेट घेतोय म्हणतात, मग पुण्यापर्यंत जायचंच कशाला असं एक मित्र म्हणालाय. जाणकारांनी सांगा.

रंकाळा_संध्याकाळ

५००० मध्ये चौघांचा तांबडा पांढरा, वर आईस्क्रीम, आणि उरलेल्यात पंचगंगेवर निवांत भजी. रिटर्न गॅरंटीड. बघ विचार कर भावा 😀

घोडामैदान_जवळच

वरच्या भावाचा सल्ला वाईट नाही, पण पोरानं वहीत चार रविवार घालवलेत म्हणजे हा ऐकणारा हाय, म्हणून सविस्तर लिहितो. मी ऐन उमेदीची वीस वर्षं पुण्यात काढली, आता रिटायर होऊन कोल्हापुरात हाय, सीझनला एखादी चक्कर होते अजून. जुलै ते ऑक्टोबर पुणे आणि नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत मुंबईचं महालक्ष्मी, दोन्हीकडं क्लब एकच, रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब, त्यामुळं घोडी ट्रेनर जॉकी बरेचसे तेच ते असतात, एकदा नावं डोक्यात बसली की वर्षभर उपयोगी पडतात.

आधी हँडिकॅप. तू मंगळवार पेठेतला म्हणजे खासबागचं कुस्तीचं मैदान तुला सांगायला नको. मैदानात जोड लावताना वस्ताद काय बघतो, दोघं तोडीस तोड पाहिजेत, नाहीतर दोन मिनिटात कुस्ती निकाली आणि पब्लिक बोंबलतं. रेसमध्ये तोडीस तोड घोडी मिळत नाहीत, म्हणून तगड्याच्या पाठीवर पोतं देऊन लढवतात, एवढंच. घोड्याला हँडिकॅपर रेटिंग देतो, त्या रेटिंगवर वजन ठरतं, एका पॉइंटला अर्धा किलो. जॉकी आणि खोगीर मिळून वजन कमी भरलं तर शिशाच्या पट्ट्या घालून पुरं करतात. रेटिंगवरनंच क्लास पडतात, पाचवा सगळ्यात खालचा, चौथा २० ते ४६, तिसरा ४० ते ६६, दुसरा ६० ते ८६ आणि ८० च्या वर पहिला. हद्दी एकमेकांत घुसतात हे ध्यानात ठेव, कारण ४४ रेटिंगचा घोडा चौथ्या क्लासात दादा असतो आणि तोच तिसऱ्यात गेला की पाठीवर हलकं वजन पण समोर मोठी माणसं. कुठल्या क्लासात पळवायचा हे ट्रेनर उगीच ठरवत नाही, तिथंच निम्मी बातमी असते.

आता उदाहरण घे, घोड्यांची नावं नको, नंबर धरू. समज तीन आठवड्यांपूर्वी १४०० मीटरला ३ नंबरनं ७ नंबरला दोन लेंग्थनं हरवलं, लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी. पब्लिक म्हणणार ३ नंबर बाप हाय. पण तू वजन बघ. तेव्हा ३ नंबरचं रेटिंग ५० आणि पाठीवर ५४ किलो, ७ नंबरचं ५८ आणि वजन ५८ किलो. म्हणजे ७ नंबरवाला चार किलो जास्त घेऊन पळाला. जिंकल्यामुळं हँडिकॅपरनं ३ नंबरला सहा पॉइंट वाढवले, ५६ झालं, वजन ५७. ७ नंबरवाला आहे तिथंच, ५८ किलो. फरक चार किलोचा होता तो एकावर आला, तीन किलो फिरले. मैलाच्या आसपासच्या रेसला साधारण एक किलो म्हणजे एक लेंग्थ असा अडाणी हिशोब आम्ही करायचो, छोट्या रेसला लेंग्थमागं किलो जास्त लागतो आणि लांबच्या रेसला कमी. म्हणजे कागदावर आता ७ नंबरवाला एका लेंग्थनं पुढं. ह्याला म्हणायचं हँडिकॅप वाचणं, बाकी डोळ्यात बघणं मामाला करू दे.

पण कागद म्हणजे कागद. तेव्हा ट्रॅक कसा होता? पुण्यात पावसाळ्याची रेस, आज कोरडं उद्या चिखल. पेनेट्रोमीटर म्हणून रीडिंग देतात, जमिनीत काटा किती आत जातो त्याचं, ते बघ. चिखलात वजनाचा घोडा जास्त दमतो असं माझं मत, आणि काही घोडी चिखलात पोहतात तर काही नुसती उभी राहतात, मागच्या पावसाळ्याचा फॉर्म काढून बघावा लागतो. मग बघ पुढं पळणारी किती आहेत. आठातली चार घोडी लीड घेणारी असली तर ती एकमेकांना मारतात आणि शेवटच्या ४०० मीटरला मागनं येणारा खातो. आणि एकच लीडर असला तर त्याला कुणी छेडत नाही, तो निवांत पळून जातो, असले विनर मी डोळ्यानं बघितलेत की ज्यांचा फॉर्म बघून तू चणेसुद्धा लावणार नाहीस.

सगळ्या रेस खेळायच्या का? अजिबात नाही!! तुझी वही हेच सांगतेय. ३१ च्या ३१ खेळलास म्हणून मेलास. आठ विनर म्हणजे चारात एक, बरं हाय ते, फेव्हरिट, म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे लागलेत तो, पण साधारण तीनात एकच येतो. पण तुझे आठ आले ते सरासरी दोनच्या भावाला आले, शंभराला तीनशे परत, म्हणजे तू नुसते फेव्हरिटच्या मागं लागलास. घोडा बरोबर निवडणं ही निम्मी गोष्ट आणि कुठल्या भावाला निवडला ही निम्मी.

फोनवाल्याबद्दल दुसरं कुणीतरी लिहा, माझं डोकं तापतं त्या विषयावर.

व्हाउचरवाला

फोनवाल्याबद्दल मी लिहितो, माझं कामच टॅक्सचं आहे. रेस जुगार की नाही यावर लोक भांडत बसतात, १९९६ साली सुप्रीम कोर्टानं तामिळनाडूच्या केसमध्ये सांगितलं की घोड्यांची रेस हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, त्यामुळं लायसन असलेल्या रेसकोर्सच्या आत टोटवर (सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणारी क्लबची खिडकी) किंवा लायसनवाल्या बुकीकडं लावलं तर तो गुन्हा नाही. पण त्याचा अर्थ पानटपरीमागं उभा राहून बेट घेणारा कायदेशीर झाला असा होत नाही. तो पावती देत नाही, जिंकलास तर "उद्या ये" आणि हरलास तर आत्ता दे. ॲपवरनं पैसे लावायचं पण डोक्यातनं काढ, २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैशाचे ऑनलाइन खेळ बंद झालेत, जे लिंक पाठवतात ते बाहेरच्या देशातले असतात आणि पैसे अडकले की रडायला खांदा नाही.

आता जे कुणीच सांगत नाही ते. जीएसटी. ऑक्टोबर २०२३ पासून बेटच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झालाय. जिंकलेल्यावर नाही, लावलेल्यावर! म्हणजे समज शंभरचा बेट आणि वर चाळीस, खिशातनं गेले १४०, खेळले शंभरच. तुझी वहीतली आकडेमोड या हिशोबानं परत कर, ३१०० नाही ४३४० गेले असते, आणि परत तेवढेच २४००.

जिंकलास तर पुढं इन्कम टॅक्स. दहा हजाराच्या वर गेलं की ३० टक्के टीडीएस कापूनच हातात देतात, पॅन कार्ड घेऊन जा. तुझा पगार टॅक्सच्या खाली असला तरी ह्या पैशाला सूट नाही, ३० टक्के आणि वर सेस. आणि शनिवारी हरलेले रविवारच्या जिंकलेल्यातनं वजा होत नाहीत. लोक म्हणतात जॅकपॉट लागला, हातात किती आला ते विचारा.

तालमीतला_गडी

@घोडामैदान काका खासबागेचं उदाहरण एक नंबर. पण एक शंका, मग हँडिकॅपरनं सगळ्यांना सारखं करूनच ठेवलंय तर कुणीपण जिंकू शकतो की, मग अभ्यास करायचा कशाला, चिठ्ठ्या टाकायच्या.

घोडामैदान_जवळच

@तालमीतला गडी, शंका बरोबर हाय. हँडिकॅपर मागचं बघून वजन देतो, आजचं त्याला माहीत नसतं. सहा महिने विश्रांतीवरनं आलेला घोडा, पहिल्यांदा ब्लिंकर्स म्हणजे डोळ्यांच्या कडेला झापडं घातलेला, १२०० वरनं एकदम १८०० ला नेलेला, शिकाऊ पोराला बसवून वजनात सूट घेतलेला, ह्या सगळ्या गोष्टी रेटिंगमध्ये यायला अजून एक रेस जायची असते. त्या फटीतच आपलं काम. आणि सगळ्याच रेस हँडिकॅप नसतात. डर्बीला म्हणजे फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी महालक्ष्मीवर २४०० मीटरची जी होते तिथं सगळी चार वर्षांची घोडी बरोबरीच्या वजनात पळतात, फक्त फिलींना म्हणजे तरुण माद्यांना थोडी सूट. १९४३ साली पहिली डर्बी झाली ती एका फिलीनंच मारली, प्रिन्सेस ब्यूटिफुल नाव तिचं, बडोद्याच्या महाराजांची.

@व्हाउचरवाला, चाळीसचं बरं आठवण केलीस. त्याच्यामुळंच भावाचं गणित नव्यानं मांडावं लागतं. मंगळवारपेठी, वही घे.

भाव म्हणजे टक्केवारी. चारचा भाव म्हणजे शंभर लावले की चारशे वर, पाचशे परत, म्हणजे बुकी म्हणतोय ह्याला पाचात एक संधी, २० टक्के. तीनचा भाव २५ टक्के, दीडचा भाव ४० टक्के. आता सहा घोड्यांची रेस धर, बोर्डावर भाव दीड, तीन, चार, सहा, दहा, पंधरा. टक्के होतात ४०, २५, २०, १४, ९ आणि ६. बेरीज मार, ११४ च्या आसपास. शंभरच्या वरचे जे १४ आहेत ते बुकीचं पोट. टोटवर पण तसंच, पूलमधनं आधी काप निघतो मग डिव्हिडंड वाटतात.

आता तो ७ नंबर घे. तू अभ्यास करून म्हणालास ह्याला ३० टक्के संधी. तीनचा भाव मिळतोय, बुकी २५ म्हणतोय तू ३०, जुन्या काळात मी पळत जाऊन लावला असता. आज? खिशातनं १४० जाणार, जिंकला तर ४०० येणार, दहातनं तीनदा येणार म्हणजे सरासरी १२०. वीसचा खड्डा. चारचा भाव मिळाला तर ५०० च्या तीस टक्के १५०, म्हणजे कुठं दहा रुपये सुटतात. एवढा बारीक धागा हाय हा. म्हणून अडीच तीनच्या खालचा घोडा कितीपण आवडला तरी लावायचा नाही, नुसता बघायचा आणि टाळ्या वाजवायच्या. दीडच्या फेव्हरिटला १४० घालून २५० घेणारे लोक मला समजतच नाहीत.

आणि बुकीकडं ज्या भावाला लावलास तो भाव तुझा, टोटचा भाव रेस सुटेपर्यंत हलतो, मघाशी पाच दिसत होता तो सुटताना तीन झालेला असतो. बुकी उभे असतात त्या रिंगात चार पाच बोर्ड फिरून बघायचं, भाजी घेताना फिरतोस तसं.

जॅकपॉट. लागोपाठच्या पाच रेसचे विनर सांगायचे. एका रेसला दोन घोडे, दुसरीला एक, तिसरीला तीन, चौथीला दोन, पाचवीला एक असं धरलंस तरी दोन गुणिले एक गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक, बारा तिकिटं झाली. मित्र म्हणणार सगळीकडं तीन तीन धरू म्हणजे सेफ, २४३ तिकिटं होतात, ५००० ला पहिल्याच तासात मोठं भगदाड. फोरकास्ट टानालाचं पण तेच, फोरकास्ट म्हणजे पहिले दोन क्रमानं, टानाला म्हणजे पहिले तीन क्रमानं, आठ घोड्यात ३३६ प्रकारे येऊ शकतात ते. पहिल्या खेपेला साधा विन, म्हणजे नुसता पहिला कोण येणार तेवढंच, लाव, बास.

जनावरांचा_डॉक्टर

घोडामैदान काकांनी कागद सांगितला, मी पॅडॉक सांगतो. रेसच्या आधी घोडी गोल फिरवतात तिथं वेळ घालवा, फुकट असतंय ते आणि मामांचं डोळ्यात बघायचं काम तिथंच होईल. पण डोळ्यापेक्षा मागचं बघा. मागच्या मांड्यांच्या मधे साबणासारखा पांढरा फेस आलाय आणि मानेवर घाम निथळतोय, बाकीची घोडी कोरडी, तर हा घोडा घाबरलाय, निम्मी रेस तो पॅडॉकमध्येच पळाला. उकाड्यात सगळ्यांनाच घाम येतो, तेव्हा इतरांशी तुलना करा. शेपटी आत दाबून धरलेली, कान सारखे मागं, घोडा फिरवणारा पोऱ्या दोन्ही हातांनी लगाम ओढतोय, हे पण चांगलं नाही. चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेच्या पुढं पडतोय, मान सैल, कातडी अशी चकचकीत की घासलेल्या तांब्यासारखी, तो घोडा तब्येतीत हाय. बरगडीची हलकी रेघ दिसली तर उपाशी नाही तो, फिट हाय. आपल्याकडं लग्नात वरातीला आणतात ती गुबगुबीत घोडी डोळ्यासमोर ठेवून गेलात तर फसणार.

आणि खरं सांगतो, पॅडॉकमध्ये विनर सापडत नाही, कुणाला सोडायचं ते सापडतं. कागदावर आवडलेला घोडा फेसाळलेला दिसला की पैसे खिशात ठेवायचे, एवढाच उपयोग.

तालमीतला_गडी

डॉक्टर काका भारी माहिती 🙏

जनावरांचा_डॉक्टर

काका न्हवं, ताई. कोल्हापूरची हाय म्हणून "सांगतो" म्हणतो, पुण्याच्या लोकांसारखं तूपण गडबडलास व्हय रे 😂

तालमीतला_गडी

आयला सॉरी ताई, माझी आई पण "जातो येतो" करते तरी चुकलो

मंगळवारपेठी

सगळ्यांचे लई आभार. काल रात्री सगळं वाचून कार्ड घेऊन बसलो, मामा शेजारी. पहिली आणि दुसरी रेस नव्या घोड्यांची हाय, काहीजण पहिल्यांदाच पळणार, त्यांचं काय वाचायचं? नुसती सकाळच्या वर्कची म्हणजे सरावाची टायमिंग दिलीत, ८०० मीटर ५३ सेकंद, ६०० मीटर ३९ असं. आणि शेवटची रेस पाचव्या क्लासातली १३ घोड्यांची. मामा म्हणतोय शेवटच्या रेसला कसर भरून निघते.

घोडामैदान_जवळच

मामांना नमस्कार सांग आणि म्हणावं शेवटच्या रेसला कसर भरत नाही, घर विकलं जातं. पाचव्या क्लासातली तेरा घोडी म्हणजे कोण कधी पळेल त्यांच्या ट्रेनरला पण माहीत नसतं, आणि त्या वेळेपर्यंत सगळे हरलेले असतात म्हणून जोरात लावतात.

नव्या घोड्यांची रेस सोड. वर्कची वेळ म्हणजे एकट्याने केलेली जोर बैठक, मैदानात उतरल्यावर काय होतं ते वेगळं. वर कुठल्या ट्रॅकवर, किती वजन घेऊन, बाजूला दुसरा घोडा होता की एकटा, हे नसेल तर ३९ ला काय अर्थ नाही. ३९ "ईझी" म्हणजे जोर न लावता असं लिहिलं असेल तर मात्र बाजूला खूण करून ठेव, पुढच्या वेळी कामाला येतो.

तुझ्या आठातल्या तीन उरल्या असतील बहुतेक, ७ ते १० घोड्यांच्या, तिसऱ्या चौथ्या क्लासातल्या, ज्यांचा मागचा फॉर्म एकमेकांशी जोडता येतो. त्यांच्यावरच घाम गाळ. प्रत्येकाच्या टक्क्यांचा आकडा घरीच लिहून काढ, सगळ्या घोड्यांचे मिळून शंभर झाले पाहिजेत, नाहीतर तू पण बुकीसारखा ११४ करशील, सगळेच आवडायला लागतात. शेजारी लिही की कमीतकमी किती भाव मिळाला तर लावणार. मैदानावर जाऊन नुसतं मिळतोय का बघायचं. तीन रेसला ५०० ५०० चा बेट, वरचा टॅक्स धरून ७०० प्रत्येकी, २१०० झाले. उरलेले २९०० गाडीत डॅशबोर्डला ठेव. खरंच गाडीत ठेव, पाकिटात नको.

कारण खरी भानगड मधल्या वेळेत असते. दोन रेसमध्ये अर्धा अर्धा तास जातो, चहा पिऊन होतो, आणि स्क्रीनवर बेंगलोर हैदराबादची रेस चालू असते, तिथं पण लावता येतं. एक अक्षर वाचलेलं नसतं आणि माणूस लावतो, कारण हातात पैसे आणि समोर घोडी पळतायत. माझी एवढ्या वर्षांची खरी वजाबाकी काढली तर निम्मी त्या स्क्रीनवरची निघेल.

अजून एक, तिकीट फाडायचं नाही. रेस संपली की जॉकी खोगीर घेऊन वजनकाट्यावर जातात, वजन बरोबर भरलं आणि कुणाचं ऑब्जेक्शन नाही असं जाहीर झालं की मगच रिझल्ट पक्का. मी एकदा दुसऱ्या आलेल्या घोड्याचं तिकीट रागानं चार तुकडे करून टाकलं आणि दहा मिनिटात ऑब्जेक्शन मान्य होऊन माझा घोडा पहिला झाला. पावसाचा चिखल, हजार लोकांचे फाटलेले कागद, आणि मी इस्त्रीच्या पँटमध्ये गुडघ्यावर बसून तुकडे शोधतोय. तीन सापडले. चौथा कुणाच्या तरी बुटाला चिकटून गेला.

रंकाळा_संध्याकाळ

काका हे आधी सांगायचं, मी भजीचा सल्ला मागं घेतला असता, आता मला पण यायचंय गाडीत

मंगळवारपेठी

जाऊन आलो मंडळी. रिपोर्ट देतो, उशीर झाला कारण रात्री दीडला पोचलो, साताऱ्याच्या पुढं धो धो.

पहिल्या दोन रेस नुसत्या बघितल्या. मित्रांनी जॅकपॉटचं भांडण काढलं होतं ते २४३ चा आकडा सांगितल्यावर गप झाले. तिसऱ्या रेसला माझ्या घोड्याला मी २८ टक्के लिहिले होते, पाचचा भाव मिळाला, लावला ५००, शेवटच्या २०० ला असा थांबला की जणू ब्रेक मारला. सातशे गेले. चौथ्या रेसला मला आवडलेला घोडा दीडच्या भावाला होता, काकांचं ऐकून सोडला आणि तो आला!! मामा दिवसभर तेच ऐकवत होता.

पाचव्या रेसला गंमत झाली. कागदावर माझे दोन होते, २ नंबर आणि ६ नंबर. पॅडॉकमध्ये गेलो तर २ नंबरच्या मांड्यांमधे ताई म्हणाल्या तसला पांढरा फेस, दाढीच्या साबणासारखा, आणि पोऱ्याला नुसता ओढत नेतोय. ६ नंबर शांत, शेपूट सैल. ६ ला रिंगात एकाकडं साडेतीन, दुसऱ्याकडं साडेतीन, कोपऱ्यातल्याकडं चार. चारला ५०० लावले. मागनं आला, वळणावर सातवा होता, मी तर बघायचं सोडलं होतं, मामानंच दंड दाबला माझा, "बघ बघ बघ." अर्ध्या लेंग्थनं मारली. २५०० हातात. नाद खुळा!

सातव्या रेसला परत सातशे गेले, तिसरा आला. म्हणजे २१०० लावून २५०० आले, चारशे वर. पण.

सहाव्या आणि सातव्याच्या मधे चहाला थांबलो तर स्क्रीनवर बेंगलोर. मामा म्हणाला त्या काळ्या घोड्याच्या डोळ्यात बघ. स्क्रीनवर! मी म्हटलं मामा डोळा दिसत तरी हाय का. पण पाचवीचे २५०० खिशात गरम होते, गाडीत ठेवायचं राहिलं होतं, दिले मामाला सातशे. काळा घोडा चौथा. तर दिवसाचा हिशोब २८०० गेले, २५०० आले, तीनशेला कमी. ८ वी रेस खेळलो नाही, मामाला हाताला धरून बाहेर काढला.

व्हाउचरवाला

चारच्या भावाचा विनर तीनात एक काढूनपण ४० टक्क्यांनी काय केलं बघ. तीन बेटवरचे ६०० रुपये नुसता जीएसटी, आणि बेंगलोरचे २०० वेगळे. तो नसता तर तू आज पाचशे रुपयांनी वर असतास.

घोडामैदान_जवळच

पहिल्या खेपेला तीनशे म्हणजे फी समज. चौथीचा फेव्हरिट सोडलास ते बरोबरच केलंस, आला म्हणून चूक ठरत नाही. वहीत ती पाचवी रेस नीट लिहून ठेव, ६ नंबर चिखलात वळणावर सातवा असून आला, आता रेटिंग वाढेल त्याचं. किती वाढतं ते बघ आणि २ नंबर पुढं कधी कोरड्या दिवशी शांत दिसला तर मला कळव.

जनावरांचा_डॉक्टर

फेस ओळखलास, शाब्बास! आणि तिकिटं फाडली नाहीत ना रे?

मंगळवारपेठी

नाही ताई. हरलेली दोन माझ्या वहीत चिकटवलीत. बेंगलोरचं मामानं पाकिटात अंबाबाईच्या फोटोमागं ठेवलंय, ऑब्जेक्शन अजून येईल म्हणतोय. आणि नोव्हेंबरच्या एका शनिवारचं महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट काढ म्हणून आत्ताच माझ्या मागं लागलाय, अंबाबाईच्या गावातनं महालक्ष्मीत बसायचं आणि महालक्ष्मीवरच उतरायचं, योग हाय म्हणे. सीएसटीला उतरून पुढं लोकल बदलावी लागते हे अजून सांगितलं नाही त्याला.